साठ चिठ्ठ्यांचं करायचं काय?

सोसायटीच्या सभेत पाणीटंचाईवर उपाय मागितले की तासाभरात भिंतीवर साठेक चिठ्ठ्या सहज चिकटतात. पंचाईत त्यानंतर होते. जाहिरात व्यवसायातले ॲलेक्स ऑस्बर्न यांच्या १९५३च्या पुस्तकामुळे ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे एकत्र बसून सुचेल ती कल्पना मांडणं, सर्वदूर पोचलं, आणि ‘आधी टीका नको’ हा त्यातला नियम सगळ्यांना पाठ झाला. मग टीका करायची कधी आणि कशी, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सुचलेल्या कल्पनांतून माणसांचे गट चांगल्या कल्पना निवडतात का, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००६ साली तपासलं, तेव्हा निवडलेल्या कल्पना एकूण ढिगाच्या सरासरीपेक्षा सरस निघाल्या नाहीत. निवडायची वेळ आली की माणसं सहज जमेल त्याकडे झुकतात आणि नवं काही असेल ते बाजूला पडतं.

म्हणून मतदानाची घाई नको. आधी प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचा. नुसतं ‘टाकी’ लिहिलं असेल तर लिहिणाऱ्यालाच विचारा: टाकी धुवायची, गळती काढायची, की नवी बांधायची? चिठ्ठीला अर्धा मिनिट, म्हणजे साठांना अर्धा तास. या वेळात खुलासा करायचा, वकिली नाही.

मग गट पाडायचे. जपानी मानववंशशास्त्रज्ञ कावाकिता जिरो नेपाळच्या डोंगराळ गावांत काम करत. विखुरलेल्या नोंदींतून अर्थ काढण्याची त्यांची रीत त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘केजे पद्धत’ म्हणून ओळखली जाते. चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या आणि एकमेकींच्या जवळच्या वाटतील त्या दोन-दोन, तीन-तीन शेजारी ठेवायच्या. ‘खर्च’, ‘तांत्रिक’, ‘शिस्त’ असे कप्पे आधीच आखले की चिठ्ठ्या त्यांत कोंबल्या जातात आणि अडचणीचं सगळं ‘इतर’मध्ये जाऊन पडतं. गटाला नाव द्यायचं तेही वाक्यात. ‘अपव्यय’ या शब्दातून काहीच कळत नाही; ‘गच्चीवरची टाकी रात्री ओसंडते आणि कुणाला पत्ता नसतो’ यातून कळतं. एखादी चिठ्ठी कुठेच बसत नसेल तर तिला एकटीच राहू द्या.

गट पाडणं वेगळं आणि चिठ्ठ्या एक करणं वेगळं. ‘बोअर आणखी खोल करा’ आणि ‘बोअरचं पुनर्भरण करा’ या एकाच गटात येतील, पण कामं दोन आहेत. एक केलं की दुसरं आपोआप होत असेल, तरच दोन चिठ्ठ्यांची एक करावी. तशा जुळ्या चिठ्ठ्या वेगळ्या राहिल्या तर मतं फुटतात. समजा बारा जणांना प्रत्येकी एक मत आहे. ‘छताचं पाणी बोअरमध्ये सोडा’ला चार, ‘पावसाचं पाणी बोअरला द्या’ला तीन, ‘टँकरचा वार्षिक करार करा’ला पाच. सात जणांना पावसाचं पाणी हवं आहे आणि जिंकला टँकर! उलट टोकाला जाऊन सगळ्याचं ‘पाणी व्यवस्थापन’ केलंत तर बाराही मतं मिळतील, आणि सोमवारी प्लंबरला काय सांगायचं हे कुणालाच कळणार नाही.

भिंतीवर टिकल्या लावून मतं घेणं दिसायला छान, पण आधीच्या टिकल्या पाहून पुढचे तिथेच लावतात. त्यापेक्षा डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन या संशोधकांनी १९७१ साली मांडलेली रीत बरी. प्रत्येकानं गुपचूप पाच कल्पना निवडायच्या, सगळ्यांत आवडत्या कल्पनेला ५ आणि शेवटचीला १ गुण द्यायचा, कागद गोळा करून बेरीज सगळ्यांसमोर मांडायची.

नुसत्या बेरजेवर मात्र थांबू नका. एका कल्पनेला चौघांनी ५ गुण दिले आणि आठ जणांनी काहीच नाही: २०. दुसरीला दहा जणांनी २ दिले: तेही २०. दुसरी सगळ्यांना बरी वाटते, पण तिच्यासाठी कुणी धावपळ करेलच असं नाही. पहिलीतले चौघे सातव्या मजल्यावरचे असतील, तर नळाला पाणी चढत नाही ही गोष्ट खालच्यांना ठाऊकच नसेल. अशी फूट दिसली की त्या चौघांना दोन मिनिटं बोलू द्या आणि मग गुण पुन्हा घ्या.