सागरकिनाऱ्यावरील सर्फिंग केंद्रासाठी ‘एज’ हरित इमारत प्रमाणपत्र : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जप्रक्रिया

जागतिक बँक समूहातील इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने विकसित केलेले ‘एज’ प्रमाणपत्र नव्या तसेच जुन्या, दोन्ही प्रकारच्या इमारतींना मिळू शकते. त्या प्रदेशातील प्रचलित पद्धतीने बांधलेल्या इमारतीच्या तुलनेत ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्याच्या निर्मितीचा पर्यावरणीय भार या तिन्ही बाबींत प्रत्येकी किमान 20 टक्के बचत दाखवणे, ही त्याची मूळ अट आहे. तिन्हींची सरासरी चालत नाही. ऊर्जेची बचत 40 टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा वरचा स्तर मिळतो.

प्रारंभी ‘एज’च्या विनामूल्य संगणकीय प्रणालीत ठिकाण, क्षेत्रफळ आणि वापराचा प्रकार भरून स्वयंमूल्यमापन करावे. सर्फिंग केंद्रात शिकवणीची जागा, फळ्यांचे कोठार, उपाहारगृह आणि कधी मुक्कामाच्या खोल्या एकत्र असल्याने इमारत कोणत्या प्रकारात मोडते, हे नोंदणीपूर्वीच प्रमाणन संस्थेकडून लेखी विचारून घेणे शहाणपणाचे ठरते. त्यानंतर नोंदणी करून शुल्काचे दरपत्रक मागवावे आणि अधिकृत परीक्षक नेमावा. मात्र ज्याने प्रकल्पाला सल्ला दिला आहे, त्यालाच त्या प्रकल्पाचे परीक्षण करता येत नाही.

आराखड्याच्या टप्प्यावर वास्तुरचना व नळजोडणीचे नकाशे, खिडक्यांचे भिंतींशी असलेले प्रमाण, खिडक्यांवरील सज्जे भिंतीपासून किती बाहेर येतात त्याची मापे, छताच्या परावर्तनाची आकडेमोड आणि उपकरणांची उत्पादकाकडील माहितीपत्रके सादर करावी लागतात. त्यांची छाननी झाल्यावर प्राथमिक प्रमाणपत्र मिळते. बांधकाम पूर्ण झाल्यावर परीक्षक जागेवर येऊन पाहणी करतो आणि त्यावर अंतिम प्रमाणपत्र अवलंबून असते. या वेळी खरेदीची बिले, साहित्य पोहोचल्याच्या पावत्या आणि तारखेसह छायाचित्रे लागतात. भिंतीत किंवा छतात एकदा गाडले गेलेले उष्णतारोधक साहित्य नंतर दाखवता येत नसल्याने ही छायाचित्रे काम चालू असतानाच काढलेली असावीत. अर्जदारांची धावपळ बहुधा इथेच होते.

अशा केंद्रात पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण समुद्रातून बाहेर येणारा प्रत्येक जण स्वतःचे अंग, पोशाख आणि फळी गोड्या पाण्याने धुतो. कमी प्रवाहाच्या तोट्या, पावसाचे पाणी साठवणे आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करून त्याचा शौचालयांसाठी पुनर्वापर करणे, हे उपाय आराखड्यातच धरले तर पाण्याची अट गाठणे सोपे जाते. ऊर्जेच्या बाजूने समुद्राच्या वाऱ्याचा नैसर्गिक वायुविजनासाठी उपयोग करता येतो. सौर पॅनेलही उपयुक्त आहेत, परंतु खाऱ्या हवेत त्यांचे सांगाडे गंजतात, त्यामुळे गंजरोधक जोडसाहित्याचा खर्च सुरुवातीलाच अंदाजपत्रकात घ्यावा.

हे प्रमाणपत्र म्हणजे बांधकाम परवाना नव्हे. भरतीरेषेपासूनचे अंतर, किनाऱ्याची धूप, वाळूच्या टेकड्यांचे संरक्षण आणि सांडपाण्याचा निचरा यांविषयीच्या मंजुऱ्या त्या त्या देशाच्या किनारी कायद्यानुसार स्वतंत्रपणे घ्याव्या लागतात. इमारतीची जागा त्यांच्यामुळे बदलू शकते. म्हणून त्या हाती आल्याखेरीज ‘एज’च्या नोंदणीचे शुल्क भरू नये.