मोफत बालशिक्षण आणि पाळणाघरे : सातारा व सांगली

मोफत बालशिक्षण व पाळणाघर व्यवस्था (सातारा व सांगली जिल्हे) : सहा वर्षांखालच्या मुलांना आहार, सांभाळ आणि शाळेआधीचे शिक्षण विनामूल्य मिळावे म्हणून सरकारी पैशावर चालणारी यंत्रणा. या दोन्ही जिल्ह्यांत तिचा कणा अंगणवाडी आहे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या पंचवीस टक्के जागा तिला शहरांपुरती जोड देतात, आणि अनुदानावरची पाळणाघरे फार तुरळक आहेत. बोलताना बालवाडी, अंगणवाडी आणि पाळणाघर हे शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात. कामे मात्र निरनिराळी आहेत. बालवाडीत मूल शिकते, अंगणवाडीत खाते, शिकते आणि त्याचे वजनही होते. पाळणाघरात आई कामावर असेपर्यंत ते सांभाळले जाते. कृष्णा-वारणेच्या या ऊसपट्ट्यात पहिली दोन कामे सरकारने बऱ्याच अंशी आपली मानली. तिसरे अजून घराच्या आणि थोरल्या बहिणीच्या अंगावर आहे.

‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीने देशाला दिला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा ताराबाईंचा विचार होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली आणि गावपातळीवरच्या केंद्राला हेच नाव घेतले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला दवाखान्यात पाठवणे), आहार व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिथे एका छपराखाली आल्या. आज राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत.

कायद्याच्या दृष्टीने मात्र तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा शिक्षणावरचा दावा कच्चा आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या खालच्या वयासाठी अनुच्छेद ४५ मध्ये ‘राज्य प्रयत्न करील’ एवढीच भाषा ठेवली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ ही तसेच मोघम आहे. आहाराच्या बाबतीत परिस्थिती बरी आहे, कारण तिथे न्यायालयाने जोर लावला. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून आदेश दिले, डिसेंबर २००६ च्या आदेशात सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलापर्यंत या सेवा पोहोचवायला सांगितले, आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आहाराला कायद्याचे बळ दिले. म्हणून आज आई अंगणवाडीच्या दारात उभी राहून खाऊ हक्काने मागू शकते, धडा मागू शकत नाही.

पैसा कसा येतो

ग्रामीण भागात कारभार जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे असतो. साताऱ्यात अकरा तालुके, सांगलीत दहा. तालुक्याच्या पातळीवर प्रकल्प, प्रकल्पाखाली बीट (काही अंगणवाड्यांचा गट), बीटवर पर्यवेक्षिका आणि गावात सेविका व मदतनीस अशी उतरंड आहे. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी हा सपाटीवरचा निकष. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे एकेक वाडी डोंगराच्या वेगळ्या सोंडेवर असते. तिथे हा निकष पुरत नाही, म्हणून छोट्या वस्त्यांना मिनी अंगणवाड्या दिल्या गेल्या. तिथे मदतनीस नसे. शिजवणे, झाडणे आणि शिकवणे एकटी सेविका करी. २०२३ मध्ये राज्याने मिनी अंगणवाड्यांना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तो डोंगरी तालुक्यांसाठी मोलाचा होता.

आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात, इतर बहुतेक बाबींत हे प्रमाण ६०:४० आहे. २०१७ मध्ये ठरलेला दर असा : सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये, गरोदर व स्तनदा मातेमागे ९ रुपये ५० पैसे. वर्षाचे ३०० दिवस. एवढ्यात मुलाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यायची, असा तेव्हाचा निकष होता. कराडच्या किंवा सांगलीच्या स्टँडवर आज एक चहा दहा रुपयांच्या खाली मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे आठ रुपयांचा अर्थ कळतो. तीन वर्षांखालच्या मुलांना पाकिटातला घरपोच आहार मिळतो. तीन ते सहाच्या मुलांना गरम जेवण, आणि ते बहुतेक ठिकाणी गावातल्याच बचत गटाच्या बायका शिजवतात. मटकीची उसळ, खिचडी, लापशी. बिल निघायला उशीर झाला की किराणा दुकानदाराकडे उधारी त्याच बायका करतात आणि मुलांचे ताट चालू ठेवतात. हा खर्च कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

इमारतीचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. अलीकडच्या निकषांत एका अंगणवाडीच्या बांधकामाला १२ लाख रुपये धरले गेले : ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख पंधराव्या वित्त आयोगातून, २ लाख महिला व बालविकास खात्याचे. शिवाय जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावेत, असा राज्याचा नियम आहे. सतरंज्या, खेळणी, पाण्याचा फिल्टर, पंखा या लहानसहान वस्तू पुष्कळदा याच पैशातून येतात. ज्या गावचा सरपंच किंवा ग्रामसेवक या दहा टक्क्यांकडे नीट पाहतो, तिथली अंगणवाडी दारातूनच ओळखू येते.

सेविकेला मिळतो तो पगार नव्हे, मानधन. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचे ४,५०० आणि मदतनिसाचे २,२५० रुपये ठरवले. राज्य त्यात भर घालते, आणि २०२३ मध्ये ही रक्कम सेविकेसाठी १०,००० व मदतनिसासाठी ५,५०० झाली. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, तो दीड महिन्याहून अधिक चालला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचे म्हटले, तरी ‘मानधन’ हा शब्द कायम राहिला. सकाळी मुलांना वाढायचे, दुपारी गृहभेटी, संध्याकाळी मोबाईलवर पोषण ट्रॅकर हे नोंदींचे ॲप भरायचे, मधेच सर्वेक्षण आणि निवडणुकीचे काम. अशा माणसाला मानसेवी म्हणणे न्यायाचे नाही.

शिक्षणाची बाजू गेल्या काही वर्षांत थोडी सरकली आहे. राज्याने अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा अभ्यासक्रम आणला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय एकच पायाभूत टप्पा मानले. पण फरक पडतो तो सेविकेच्या हातामुळे. दाराबाहेर चपलांची रांग, आत दोन सतरंज्या. एक मुलगी चिंचोके मोजते, शेजारचा तेच चिंचोके ताटलीत ओतून आवाज ऐकतो. सेविका वजनकाट्याची आकड्याची पट्टी वाचता वाचता अर्धे बडबडगीत म्हणते, उरलेले मुले पूर्ण करतात. जतच्या पूर्व भागात हेच गीत घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांसमोर म्हटले जाते, आणि चांगली सेविका दोन्ही भाषांत म्हणते.

शहरांत, विशेषतः सातारा, कराड, सांगली आणि मिरजेत, पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाच्या खासगी नर्सरीकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात, पूर्वप्राथमिक असल्यास तिथेच, २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना मोफत द्यायच्या आहेत. दुर्बल घटकासाठी राज्यात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये आहे. वंचित घटकाला ही अट नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. खेड्यातल्या मुलाला याचा उपयोग थोडा, कारण अशी शाळाच जवळ नसते.

पाळणाघर : उरलेला भाग

अंगणवाडी सकाळी भरते आणि दुपारचे जेवण झाले की रिकामी होते. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडे द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या बायकांना टेंपो भल्या सकाळी न्यायला येतो, बेदाणा शेडवर निवडायला बसलेली बाई दिवस मावळताना उठते. तिच्या दृष्टीने अंगणवाडीची जागा मोफत आहे, पण ती तिच्या दिवसाशी जुळत नाही. मूल सोडायला आणि आणायला घरी म्हातारी सासू असेल तर बरे, नाहीतर मूल बांधावर.

सरकारी पाळणाघराची योजना आहे, आणि ती जुनीच आहे. २००६ ची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना २०१७ मध्ये राज्यांकडे राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून आली. एका पाळणाघरात २५ मुले, रोज साडेसात तास. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिन्याला २० रुपये शुल्क होते. सांभाळणाऱ्या सेविकेला ३,००० आणि मदतनिसाला १,५०० रुपये मानधन होते. एवढ्या पैशात दिवसभर पंचवीस तान्ह्यांना कोण सांभाळणार? २०२२ मध्ये केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या योजनेखाली ‘पाळणा’ हा घटक आला आणि अंगणवाडीतच पाळणाघर जोडण्याची कल्पना पुढे आली. तीच योग्य दिशा आहे : छप्पर, स्वयंपाक आणि मुलांची नोंद आधीच तिथे असते, वाढवायचे ते तास आणि माणसे.

मालकावरची जबाबदारी कायद्यांत विखुरलेली होती. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसहून अधिक स्त्री कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचे होते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला तेच बंधन आले. सर्वांत साधी तरतूद रोजगार हमीची होती. सांगली जिल्ह्याचे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये जो प्रयोग झाला, त्यातून राज्याची रोजगार हमी उभी राहिली. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने सांगितले, की कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिला तीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याला मजुरी आहे, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्याच कायद्यात आले नाही.

ऊसतोडीला यातले काहीच लागू पडत नाही. साखर कारखाना कायद्याने कारखाना आहे, पण फड त्याच्या आवारात नाही, आणि तोडणी करणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. ती मुकादमाच्या उचलीवर आलेली असते. हिशेबातही ती एकटी नसते : नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. वाळवा, शिराळा, कराड, साताऱ्याच्या फडांत दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या उतरतात, तशाच माण, खटाव, आटपाडी, जतच्याही. फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पहाटे अंधारात कोयता सुरू होतो. तान्हे मूल गाडीखाली बांधलेल्या झोळीत असते आणि झोळीची दोरी सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हातात. मोळी बांधून आई पाजायला येते तेवढा वेळ टनात धरला जात नाही. गावातली अंगणवाडी दोन-तीन किलोमीटरवर, तिची वेळ दहाची, आणि सेविकेच्या सर्वेक्षणाच्या यादीत हे मूल नाही, कारण यादी गावच्या कुटुंबांची असते. काही सेविका तरीही कोप्यांवर जातात, वजन करतात, आहाराची पाकिटे देतात. त्यांच्या हिशेबाला ती मुले जास्तीची ठरतात.

अडचणीचे मूळ पैशाच्या रचनेत आहे. आपल्याकडे अनुदान अंगणवाडी केंद्राला जोडले आहे आणि मूल हलते. इंग्लंडमध्ये उलट आहे : तिथे तीन-चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला १५ तास मोफत मिळतात, नोकरी करणाऱ्या पालकांच्या मुलाला ३० तास, आणि पैसा स्थानिक परिषदेमार्फत पालकाने निवडलेल्या नर्सरीला किंवा घरी मुले सांभाळणाऱ्या बाईला तासांवर मिळतो. तासाचा दर पुरत नाही ही तिथल्या चालकांची जुनी तक्रार आहे, म्हणून तीही रचना जशीच्या तशी घेण्यासारखी नाही. पण तास मोजण्याची पद्धत घेण्यासारखी आहे.

पोषण ट्रॅकर २०२१ पासून सुरू आहे आणि त्यात स्थलांतरित लाभार्थ्याचे नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे वर्ग करण्याची सोय आहे. बीडच्या मुलासाठी दोन जिल्हा परिषदांना बोलावे लागेल. जतहून वाळव्याला किंवा माणहून कराडला आलेल्या मुलासाठी तेवढेही नको : दोन्ही अंगणवाड्या एकाच जिल्हा परिषदेच्या, वरचा अधिकारीही एकच. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी पोहोचले तिथे गाव सोडणारे कमी झाले. उरलेल्यांची नावे निघण्याआधी गावच्या सेविकेला तोंडपाठ असतात. दसऱ्यानंतर टोळी भरते तेव्हा ती यादी फडाकडच्या बीटला गेली, तर पाकीट आणि वजनकाटा कोपीपर्यंत वेळेत पोहोचेल, आणि मार्चमध्ये पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, टोळी माघारी निघाली की नाव पुन्हा गावच्या अंगणवाडीत येईल.