हम की बझ? गिटार अ‍ॅम्पचा आवाज आणि त्यावरचे उलटे उपाय

तार छेडायच्या आधीच गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प घुमायला लागला, की बहुतेक मुलं तांब्याची टेप मागवतात. पिकगार्ड, म्हणजे तारांखालची पातळ पाटी, उघडून गिटारची आतली पोकळी टेपने मढवतात, सोल्डरिंग करतात, पुन्हा लावून बघतात, तर आवाज जिथल्या तिथे. टेपचा दोष नाही. ती बझवरचा, म्हणजे तिखट झरझरीवरचा इलाज आहे आणि त्या मुलाचा त्रास हमचा, म्हणजे जाड घुमण्याचा असतो. जळगाव-धुळ्याकडे “भो, अ‍ॅम्प आवाज करस” एवढं सांगून लोक मोकळे होतात. कुठला आवाज, हे कुणी सांगत नाही, आणि पुढचा सगळा खर्च त्यावरच ठरतो.

पहिलं काम फुकटाचं. गिटारची केबल अ‍ॅम्पच्या बाजूने काढा. बहुतेक अ‍ॅम्पच्या जॅकमध्ये अशी सोय असते की पिन निघाली की इनपुट आपोआप ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला, जोडला जातो. आता अ‍ॅम्प शांत झाला, तर आवाज गिटारकडून किंवा केबलमधून येत होता. केबल बदलून बघा, आणि तरीही येत असेल तर हम की बझ ते ओळखायला बसा.

हम जाड, खोल, एकाच स्वरात धरून ठेवलेला असतो. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची, सेकंदाला 50 वेळा हेलकावणारी, म्हणजे 50 हर्ट्झची. गिटारच्या सहाव्या, सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या तिसऱ्या पट्टीवर) 98 हर्ट्झचा स्वर निघतो. हम साधारण त्याच्याच खालच्या सप्तकात, त्या स्वरापेक्षा जरासा चढा ऐकू येतो. लहान स्पीकरमधून मात्र त्याची वरची सप्तकंच जास्त कानावर पडतात. हा हम चुंबकीय क्षेत्रातून येतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा मोटरचं क्षेत्र त्या वेढ्यांमध्ये वीज उत्पन्न करतं, आणि पिकअपला ती तारेची थरथर वाटते.

आपल्याकडे मे महिन्यात याचा मोठा धनी म्हणजे कूलर. पारा 45 च्या आसपास गेलेला असताना तो बंद करा, असं कोण कुणाला सांगणार? कूलर खिडकीत, आणि वाजवणारा हवेसाठी नेमका त्याच खिडकीशी. गिटार गळ्यात घालून, आवाज ऐकत, जागच्या जागी सावकाश गोल फिरा. एका कोनात हम जवळजवळ मरतो आणि काटकोनात वळलात की पुन्हा उठतो. असं झालं तर तो हमच. चार पावलं मागे सरका, अ‍ॅम्पच्या अगदी पुढ्यात बसू नका, कारण अ‍ॅम्पच्या पोटातही ट्रान्सफॉर्मर असतोच. तारांना हात लावला तरी या हमला काही फरक पडत नाही.

तांब्याची पातळ टेप 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. खरा उपाय गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी काढला. त्यांनी हमबकर पिकअपच्या पेटंटसाठी 1955 मध्ये अर्ज केला आणि 1959 मध्ये ते मिळालं. दोन कॉइल शेजारी शेजारी, वेढे उलट आणि चुंबकही उलट. बाहेरचा हम दोन्हींत विरुद्ध येऊन एकमेकाला खाऊन टाकतो, तारेचा स्वर मात्र जमा होतो. एकेका कॉइलचे तीन पिकअप असलेली, फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची गिटार असेल आणि मधला पिकअप उलट वेढ्यांचा असेल, तर पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या जागी हाच फायदा फुकट मिळतो. नवा पिकअप घ्यायच्या आधी एवढं जरूर करून बघा.

बझ तिखट, झरझरणारा, कानाला टोचणारा. त्याचा मार्ग चुंबकाचा नाही, विद्युत क्षेत्राचा. भिंतीतल्या वायरी, स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि गोल फिरवून वेग कमी-जास्त करायचे काही इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर हे याचे धनी. असा रेग्युलेटर विजेची लहर सेकंदाला 100 वेळा कापतो, आणि त्या कापाच्या तीक्ष्ण कडा तुमच्या अंगावरून गिटारमध्ये उतरतात. पंखा पूर्ण वेगावर न्या किंवा बंद करा, बझ बदलतो का बघा. लोडशेडिंगमध्ये साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो भडकतो, हेही त्याच जातीचं.

ओळखायची खूण एकच: तारांना हात लावा. बझ दबला, तर ब्रिजचं (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या धातूच्या भागाचं) ग्राउंड ठीक आहे आणि गिटारला आतून आच्छादन हवं. इथे तांब्याची टेप खरोखर कामाला येते, फक्त ती ग्राउंडला जोडलेली हवी. हात लावल्यावर बझ वाढला, तर ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची तार तुटलेली असू शकते, किंवा घरात अर्थिंगच नाही.

अर्थिंगवर मी जरा अडून बसणार आहे. जुन्या घरांत बोर्डावर थ्री-पिनचं तिसरं भोक असतं, पण कैकदा त्यामागे वायरच नसते. असली, तरी उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगची पट्टी पुरलेला मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होतं. म्हणून खड्ड्यात पाणी ओतत राहायचं. वायरमनकडून ते एकदा मोजून घ्या. हम घालवायला म्हणून प्लगची अर्थ पिन कापणं किंवा टू-पिन अ‍ॅडॅप्टर लावणं हा जिवाशी खेळ आहे. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर वाजवणं तिथेच थांबवा, तारा सोडा आणि बोर्डावरचा स्विच बंद करा.

केबल काढूनही, व्हॉल्यूम शून्यावर असूनही अ‍ॅम्प घुमत असेल, तर बहुधा पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर, म्हणजे आतली वीज सपाट करणारे भाग, थकलेले असतात. तो हम 100 हर्ट्झचा, म्हणजे त्या तिसऱ्या फ्रेटच्या स्वराला जवळजवळ चिकटून. हे काम घरी करू नका. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात. दुरुस्तीवाल्याला “केबल काढली तरी येतो, व्हॉल्यूम शून्यावरही येतो” एवढं सांगा. मग तो पिकअपकडे न वळता थेट पॉवर सप्लाय तपासायला घेईल.