हिरवा हनीसकल: परफ्यूम एक, मतं इतकी वेगळी का?

आमच्या हिरव्या हनीसकल परफ्यूमबद्दल ग्राहक जे सांगतात ते ऐकलं, तर सगळे एकाच बाटलीबद्दल बोलताहेत यावर विश्वास बसणार नाही. कुणाला त्यात नुकत्याच कापलेल्या गवताचा ताजेपणा मिळतो. कुणी म्हणतं, ढोबळी मिरची चिरल्यासारखा उग्र वास येतो. काहींना फक्त गोड, पांढरी फुलं जाणवतात, तर काहींचा वास तासाभरात ‘उडून जातो’. यातलं एकही मत आम्ही चुकीचं धरत नाही. पण हा फरक कुठून येतो हे बाटली घेण्याआधी तुम्हाला माहीत असावं, म्हणून हे पत्रक.

आधी फुलाविषयी. हनीसकल ही वेल आहे. तिच्या अनेक जातींचं परागीभवन रात्री उडणारे पतंग करतात, त्यामुळे सूर्य कलल्यावर तिचा वास वाढतो. जपानी हनीसकलचं फूल उमलताना पांढरं असतं आणि मग पिवळं पडत जातं, म्हणून एकाच वेलीवर दोन्ही रंग शेजारी शेजारी दिसतात. या फुलांतून तेल इतकं थोडं निघतं की परफ्यूममधला हनीसकल जवळजवळ नेहमी जुळवून तयार केलेला असतो. आम्हीही तो जुळवूनच करतो आणि तसं उघड सांगतो. त्यासाठी ही सुगंधी द्रव्यं वापरतो: लिनॅलूल, बेंझिल अॅसिटेट, गुलाबाची झाक देणारं फेनिलइथाइल अल्कोहोल, संत्र्याच्या फुलाकडे झुकणारं मिथाइल अँथ्रॅनिलेट आणि अगदी कणभर इंडोल. इंडोल थोडं असेल तर फूल जिवंत वाटतं, जास्त झालं तर वास कुबट होतो. प्रत्येक परफ्यूमर हे प्रमाण आपल्या नाकाने ठरवतो. ज्यांनी खरी वेल जवळून हुंगली आहे, त्यांना एखादा हनीसकल ‘तो’ वाटतो आणि दुसरा वाटत नाही, ते यामुळेच.

खरा वाद मात्र फुलाचा नाही, हिरवेपणाचा आहे.

पान तुटलं की काही क्षणांत त्यातल्या मेदाम्लांपासून काही हलकी द्रव्यं तयार होतात. सिस-३-हेक्झेनॉल हे त्यांतलं एक, कापलेल्या गवताचा वास देणारं. आमच्या परफ्यूमच्या पहिल्या फवाऱ्यात तेच पुढे असतं. हे द्रव्य कुणाला किती तीव्र जाणवतं, याचा संबंध ओआर२जे३ या गंधग्राही जनुकातल्या फरकांशी असल्याचं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे एकाच टेबलाशी बसलेल्या दोघांपैकी एकाला आख्खं कुरण जाणवेल आणि दुसऱ्याला जेमतेम काही. इथे आवडनिवड नंतर येते, आधी नाकच वेगळं असतं.

दुसरं हिरवं द्रव्य गॅल्बनम. हिंग ज्या फेरुला प्रजातीतून मिळतो, तिच्यातल्याच एका वनस्पतीचा हा डिंक. त्यात मेथॉक्सिपायराझिन गटातली अशी द्रव्यं असतात, जी ढोबळी मिरचीतही आहेत आणि अत्यल्प मात्रेतही नाकाला कळतात. तेव्हा ज्यांना मिरचीचा भास होतो, त्यांचं नाक अगदी बरोबर ओळखतंय. १९४७ साली फ्रेंच परफ्यूमर जर्मेन सेलिए यांनी बाल्मँ या पॅरिसच्या फॅशन हाउससाठी ‘व्हाँ व्हेर’ (हिरवा वारा) हा परफ्यूम घडवला, तेव्हा त्यांनी गॅल्बनम अतिशय सढळ हाताने वापरलं. हिरव्या परफ्यूमची परंपरा त्यातून रुजली.

गॅल्बनम कमी करा, असं आम्हाला बरेच जण सुचवतात. आम्ही ते करणार नाही. हिरवी धार काढली की हनीसकल नुसता पाकासारखा गोड उरतो, आणि तसे परफ्यूम बाजारात पुष्कळ आहेत. आम्हाला वेलीचं फूल पानादेठासकट हवं होतं.

आता वास ‘उडण्या’विषयी. हेक्झेनॉल हलकं असल्याने काही मिनिटांतच ओसरतं. गॅल्बनम त्याहून रेंगाळतं, मग फुलं वर येतात आणि शेवटी तळाशी कृत्रिम कस्तुरी उरते. काही विशिष्ट कस्तुरी द्रव्यांचा वास अनेकांना येतच नाही, बाकी सगळे वास नीट येत असूनही. शिवाय सतत नाकाशी असलेला वास मेंदू मागे टाकतो. म्हणून परफ्यूम संपला असं ठरवून पुन्हा फवारण्याआधी शेजारच्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा त्याला तो येत असतो.

कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच निर्णय घेऊ नका. पट्टीवर तुम्हाला दिसतो तो बहुतांशी पहिला, हिरवा भाग. मनगटाच्या आतल्या बाजूला एकदा फवारा, घासू नका, अल्कोहोल उडू द्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा हुंगा. हिरवेपणा जड वाटत असेल, तर बाहेर पडण्याच्या बराच आधी अंगावर लावा, त्वचेच्या उबेने तो लवकर सरतो. उलट तोच आवडत असेल तर सुती कपड्यावर लावा, तिथे तो अधिक टिकतो. रेशमावर नको, डाग पडू शकतो.

पूर्वीच्या एखाद्या पांढऱ्या फुलांच्या परफ्यूमशी तुलना करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्यांतल्या अनेकांत लिलियल हे कृत्रिम सुगंधी द्रव्य असायचं. युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याच्यावर बंदी घातली. आम्ही ते वापरत नाही, त्यामुळे तो जुना मऊ, साबणासारखा गुळगुळीतपणा इथे मिळणार नाही.

लिनॅलूलचा हवेशी संपर्क होत राहिला की त्यातून तयार होणारी द्रव्यं काही जणांच्या त्वचेला सोसत नाहीत. कोपराच्या आत थोडं लावून दोन दिवस वाट पाहा, खाज किंवा लाली आली तर वापरू नका. बाटली घट्ट बंद करून उन्हापासून दूर, थंड कपाटात ठेवा. आणि मोठी बाटली घेण्याआधी नमुन्याची कुपी मागून घ्या.