केगावचं विद्यापीठ: एकाच जिल्ह्याचं का?

सोलापुरातल्या जुन्या घरांत कागदपत्रांची पेटी उघडली, की एकाच कुटुंबात तीन विद्यापीठांच्या पदव्या निघतात. दयानंद महाविद्यालय १९४० साली सुरू झालं तेव्हा परीक्षा मुंबई विद्यापीठाची होती. १९४९ नंतर ती पुण्याची झाली आणि १९६२ला शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर कोल्हापूरची.

कोल्हापूर सुमारे अडीचशे किलोमीटर. गुणपत्रिकेवर नावात एक वेलांटी चुकली तरी दुरुस्तीला तिकडे जायचं. अक्कलकोटच्या पोराचा एक दिवस जाण्यात आणि एक येण्यात मोडायचा. सोलापूरजवळ पुणे रस्त्यावर केगावला शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, पण 'केंद्र' या शब्दाने फसायला व्हायचं. तिथे वर्ग भरत, शिक्के मात्र कोल्हापुरात बसत.

ऑगस्ट २००४ मध्ये या केंद्राचं सोलापूर विद्यापीठ झालं आणि कार्यक्षेत्र ठरलं एकच जिल्हा, अकरा तालुके. वाद पेटला तो यावरच. पुणे विद्यापीठाकडे पुणे, नगर, नाशिक असे तीन मोठे जिल्हे. मग आमच्याच वाट्याला एवढंसं का? आक्षेप पोकळ नव्हता. संलग्नता आणि परीक्षा शुल्कावर विद्यापीठाचा बराच खर्च चालतो. महाविद्यालयं कमी, तर मिळकतही कमी. शिवाय नव्या नावाची पदवी नोकरीच्या बाजारात चालेल का, ही धास्ती होतीच. हद्द वाढवायची तरी कुठे? तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटरवर, पण ते मराठवाड्यात, म्हणून तिथली महाविद्यालयं संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे. तरीही माझ्या मते निर्णय योग्यच होता. सकाळी करमाळ्याहून निघालेला विद्यार्थी काम उरकून रात्री घरी पोचतो, हे विद्यापीठाच्या आकारापेक्षा मोठं आहे.

छोट्या हद्दीमुळे अभ्यासक्रमही जिल्ह्याकडे बघून आखता आले. उपयोजित भूगर्भशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र आहे, कारण इथे पाऊस कमी आणि पाणी बसाल्टच्या भेगांत शोधावं लागतं. ग्रामीण विकास, जनसंवाद, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, रसायनशास्त्र आहेच. प्राचीन इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व शिकणाऱ्यांना तर लांब जायलाच नको. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलच्या मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख आहे: 'वाछि तो विजेया होईवा', वाचील तो विजयी होईल.

पुढे नामकरणाचा प्रश्न आला. एका बाजूला ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या नावाचा आग्रह, दुसऱ्या बाजूला अहिल्यादेवींच्या. मोर्चे निघाले, निवेदनं गेली, आणि मार्च २०१९ मध्ये 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' हे नाव लागलं. सोलापूर हा शब्द त्यात राहिला, याचं समाधान वाटतं. पेटीतल्या आधीच्या तिन्ही पदव्यांवर तो विद्यापीठाच्या नावात कधीच नव्हता.