समुद्रात विमान पडताना दिसलं तर खबर कशी द्यायची, कागद कुठले लागतात?

४ सप्टेंबर २०२२ रोजी स्पेनमधल्या हेरेसहून जर्मनीतल्या कोलोनला निघालेलं एक छोटं खासगी सेस्ना जेट कोलोनला उतरलंच नाही. रेडिओवर उत्तर नाही. लढाऊ विमानं जवळ जाऊन आली, तर कॉकपिटमध्ये कुणी दिसेना. शेवटी ते लॅटव्हियाच्या व्हेंट्सपिल्ससमोर बाल्टिक समुद्रात पडलं. आत चार जण होते. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर ३५,००० फुटांवर माणूस जेमतेम अर्धा-एक मिनिट भानावर राहतो. मदत मागायलाही वेळ मिळत नाही. असं काही देवगड-मालवणसमोर घडलं, तर सगळ्यात जवळ असेल ती आपलीच एखादी होडी.

खबर कुणीही देऊ शकतो: तांडेल (होडीचा प्रमुख), खलाशी, किनाऱ्यावरचा माणूस. अर्ज नाही, फी नाही. परवान्याची मुदत संपली म्हणून गप्प बसणारे असतात. तसं करू नका, जीव आधी.

पहिलं काम म्हणजे जीपीएसवर जागा मार्क करणं. वारा आणि करंट अवशेष वाहून नेतात, त्यामुळे अर्ध्या तासानंतर ‘इथंच कुठंतरी’ सांगून उपयोग नसतो. वेळ, अक्षांश-रेखांश, विमान कुठल्या दिशेनं आलं, धूर किंवा तेलाचा तवंग दिसतो का, एवढं सांगा. होडीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर, संकटाच्या निरोपांसाठीच्या चॅनल १६ वर बोला. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही जमेना, तर किनाऱ्याजवळच्या होडीला निरोप द्या.

माणूस दिसला तर उचला. मात्र तवंगात शिरताना स्टोव्ह, बिडी बंद. बाकी तुकड्यांना हात लावू नका. अपघातग्रस्त विमानाचे अवशेष परवानगीशिवाय हलवता येत नाहीत. जीव वाचवायला किंवा धोका टाळायला हलवले तर चालतं.

कागद लागतात ते बंदरावर परतल्यावर, जबाब देताना. नौकेचं नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, तांडेलाचं आधार किंवा मच्छीमार ओळखपत्र आणि त्या दिवशीच्या खलाशांची यादी सोबत ठेवा. जीपीएसमधला पॉइंट पुसू नका, मोबाइलवरचा व्हिडिओ आधी ग्रुपवर टाकू नका.

तुकडा जाळ्यातच आला, तर न धुता, न तोडता तसाच आणा, पोलिसांकडे द्या आणि लेखी पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.