पार्श्वभूमी : बापाच्या ‘पश्चात’ की ‘माघारी’?

सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असा शेरा दिसला की तलाठी असो वा खरेदीदार, बाप कुठे आहे असे कुणी विचारत नाही. बाप वारला म्हणूनच आई आली, हे गृहीत असते. ‘अज्ञान पालनकर्ता’च्या (अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचे मूल) या आखूड रूपात १९५६ चा अख्खा कायदा बसला आहे. मूल १८ वर्षांचे झाले की शेरा कमी करण्याचा अर्ज द्यायचा असतो. तो न दिल्याने मिशा पांढऱ्या झाल्या तरी ‘अज्ञान’ राहिलेले खातेदार आहेतच, पण तो वेगळा विषय.

१९५६ च्या या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम ६ म्हणते, मुलगा किंवा अविवाहित मुलगी यांचा नैसर्गिक पालक बाप ‘आणि त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहील, हेही लगेच तिथेच. म्हणजे लंगोट तिने बदलायचे, सही त्याने करायची. विवाहबाह्य संततीसाठी मात्र क्रम उलटा : आधी आई, मग बाप.

सगळे भांडण त्या ‘नंतर’चे. मराठीत ‘त्याच्या पश्चात’ म्हटले की माणूस गेलाच. ‘त्याच्या माघारी’ म्हटले तर परगावी असेल, रुसून निघून गेला असेल, अंथरुणाला खिळला असेल. कायद्यातल्या ‘after’ या इंग्रजी शब्दाने ही फोड केली नव्हती, आणि पुढची ४३ वर्षे कचेऱ्या तो बहुतेक ‘पश्चात’ असाच वाचत राहिल्या.

मागे फार जाण्यात अर्थ नाही. पोरक्या मुलाची मिळकत राजाने सांभाळावी असे मनुस्मृती सांगते. १८५६ मध्ये लंडनच्या न्यायपीठाने (प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे तेव्हाचे शेवटचे अपील न्यायालय) अज्ञानाची मिळकत गहाण टाकायला खरी निकड हवी, आणि सावकारानेही तिची चौकशी करावी, असा दंडक घातला. गंमत म्हणजे त्या खटल्यात गहाणखत लिहून देणारी मुलाची आईच होती. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने मात्र बाप हयात आणि लायक असेल तर न्यायालयाने दुसरा पालक नेमायचाच नाही, असे ठरवून टाकले.

पहिली फट पडली ती विदर्भातल्या शेतजमिनीच्या एका वादात, १९७० साली. नवरा-बायको कैक वर्षे वेगळे राहत होते, मुलीचे सगळे आईच पाहत होती आणि मुलीची जमीन तिनेच कसायला दिली होती. बाप हयात होता, पण मुलीपुरता नसल्यातच जमा. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आईला नैसर्गिक पालक मानले. अपवाद म्हणून, एवढेच.

मग १० डिसेंबर १९८४. एका लेखिकेने आपल्या अज्ञान मुलाच्या नावे ९ टक्क्यांच्या रोख्यांसाठी रिझर्व्ह बँकेकडे २०,००० रुपयांचा अर्ज केला. या गुंतवणुकीपुरती पालक म्हणून आईने काम पाहावे असे आमचे दोघांचे ठरले आहे, हेही सोबत कळवले होते. अर्ज परत आला : वडिलांची सही आणा, नाहीतर सक्षम अधिकाऱ्याचा पालकत्वाचा दाखला आणा. बाप जिवंत, घरातच, आणि त्याची संमतीही होती, तरी नाही. याच रिझर्व्ह बँकेने १९७६ मध्ये बँकांना आईला पालक धरून मुलांची खाती उघडायला सांगितले होते, हे इथे नोंदवायलाच हवे.

दुसऱ्या एका आईची याचिका याच्या जोडीने ऐकली गेली. तिचा नवरा घटस्फोटाच्या दाव्यात ‘नैसर्गिक पालक मीच’ म्हणत होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ फेब्रुवारी १९९९ ला आला. ‘नंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, तर बापाच्या ‘अनुपस्थितीत’. ही अनुपस्थिती तात्पुरती असेल, बेफिकिरीमुळे असेल, आजारपणाची असेल किंवा आपसांत ठरवलेलीही असेल. थोडक्यात, न्यायालयाने ‘पश्चात’चे ‘माघारी’ केले.

कौतुक झाले आणि ते योग्यही होते. पण कलम रद्द झाले नाही, अर्थ ताणून वाचवले गेले. समानतेच्या कसोटीवर ते टिकत नाही असे सरळ म्हणायची संधी होती. ती घेतली नाही, असे माझे मत. परिणाम असा की बाप पालक आहेच, त्याला काही सिद्ध करावे लागत नाही. आईला मात्र आधी त्याची गैरहजेरी दाखवावी लागते. शिवाय झालेले व्यवहार उखडू नयेत म्हणून हा अर्थ पुढच्या व्यवहारांनाच लागू केला.

आई-बापाला बरोबरीने धरा, अशी शिफारस कायदा सुधारणेसाठी नेमलेल्या आयोगाने १९८९ मध्ये केली होती, २०१५ मध्ये पुन्हा केली. २०१० च्या दुरुस्तीने १८९० च्या कायद्यात बापाच्या जोडीला आईही आली. जुलै २०१५ मध्ये अविवाहित आईला मुलाच्या बापाला नोटीस न देता पालकत्व मागता येईल असे ठरले, आणि जुलै २०२२ मध्ये विधवा आईला मुलाचे आडनाव ठरवण्याचा हक्क मान्य झाला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव बापाच्या आधी येते. कलम ६ मधला ‘नंतर’ मात्र जागचा हललेला नाही.

कलम ८ बद्दल कुणाची तक्रार नाही. अज्ञानाची स्वतंत्र जमीन किंवा घर विकायचे, गहाण टाकायचे, तर बाप असो वा आई, न्यायालयाची परवानगी आधी काढावी लागते. ती न काढता केलेली खरेदी मुलाला सज्ञान झाल्यावर मोडून मागता येते.